टाके सुकल्यानंतर

दर्शना चढाईला निघाली की घोडपदेवच्या मैदानाच्या कडेला बाकड्यावर बसलेले म्हातारेही गप्पा थांबवायचे. पोरगी दिसायला किडकिडीत, पण दम असा की समोरच्या साती जणींना वाटावं, हिचा श्वास आता तुटेल, मग तुटेल, आणि तो तुटायचाच नाही. एका दमात दोघींना शिवून, तिसरीच्या हातावरून उडी टाकून ती मध्यरेषेवर हात टेकायची. मंडळाचे अप्पा एरवी कुणाची स्तुती करणारा माणूस नव्हे. गिरणी बंद पडल्यापासून पोरींना कबड्डी शिकवणं एवढंच त्यांनी केलं होतं. तेसुद्धा दर्शनाकडे बघून म्हणायचे, "दम छातीत नसतो, पोटात असतो. हिच्याकडून शिका."

खेळाच्या जोरावर तिला सरकारी कचेरीत नोकरी लागली. खेळामुळेच निलेश भेटला. लालबागचा पोरगा, लिफ्टची दुरुस्ती करायचा. दादरला कुठल्याशा इमारतीत लिफ्ट बंद पडली म्हणून गेला होता, ते काम आटोपून शेजारच्या मैदानात सामना बघायला थांबला आणि मग प्रत्येक सामन्याला थांबायला लागला. दोन्ही घरची माणसं कोकणातली, कुळं जुळली, फारसं कुणी आडवं आलं नाही. लग्न होऊन दर्शना लालबागच्या चाळीत आली. दोन खोल्या, बाहेर गॅलरी आणि घरात सासू मालन.

मालन तरुणपणी विधवा झालेली, बोलायला फटकळ. चाळीस वर्षं मुंबईत काढूनही घरात मालवणीच बोलायची. सून चड्डी-बनियनवर मैदानात खेळते हे तिला पचायला जरा वेळ लागला. पण पचलं. शेजारणींपैकी कुणी नाक मुरडलं तर मालनच त्यांना ऐकवायची, "तुमच्या सुनो मोबाईलवर खेळतत, माझी मैदानात खेळता. काय फरक पडता?"

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दर्शनाची पाळी अंगावरून धो धो जायला लागली. खेळाडू बाई, तिला वाटलं, दमणूक असेल. दोन-दोन पॅड लावून ती खेळायची. एकदा सामना चालू असतानाच डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती मॅटवर बसली, तेव्हा कुठे रक्त तपासलं. अंगात रक्तच नव्हतं. सोनोग्राफी केली तर गर्भपिशवीत गाठी. एक तर मोसंब्याएवढी.

परळच्या हॉस्पिटलात तिला डॉक्टर संघमित्रा भेटल्या. वयाने तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. बोलणं शांत, घाई नाही. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठी साध्या आहेत, कॅन्सरच्या नाहीत. पिशवी काढायची गरज नाही, गाठी तेवढ्या काढू. पण आकार मोठा, जागा अवघड, त्यामुळे पोट उघडावं लागेल.

"आणि एक सांगते," त्या म्हणाल्या. "पोट उघडलं की आतली जखम भरताना अवयव एकमेकांना चिकटू शकतात. पिशवी, नळ्या, आतडं. बाहेर जसा व्रण राहतो तसा आतही राहतो, त्याचे पापुद्रे होतात, दोरे होतात. बऱ्याच जणींना त्याचा काही त्रास होत नाही. काहींना होतो. दुखतं, दिवस राहायला अडचण येते, क्वचित आतडं अडकतं. आम्ही काळजी घेऊच. पण होणारच नाही अशी हमी देता येत नाही."

दर्शनाने मान हलवली. कॅन्सर नाही हा शब्द ऐकल्यावर पुढचं सगळं तिच्या कानावरून वाहून गेलं होतं. निलेशने विचारलं, "परत खेळता कधी येईल?" टॅक्सीत बसल्यावर तो म्हणाला, "चिकटतं म्हणजे काय? आत काय डिंक आहे?" दोघं हसले. भीती सरल्यावर माणूस कशालाही हसतो.

ऑपरेशन नीट झालं. मालनने बाळंतिणीसारखी सेवा केली. सकाळी अळिवाची खीर, रात्री ऊन ऊन कुळथाची पिठी आणि भात. टाके सुकले, पाळी ताळ्यावर आली, गालांवर रंग चढला. ओटीपोटावर आडवी बारीक रेघ राहिली, तीही हळूहळू फिकी पडली. दर्शना पुन्हा पळायला लागली.

पहिल्यांदा दुखलं ते गॅलरीत कपडे वाळत घालताना. काठीने वरच्या दोरीवर चादर टाकायला ती ताणली आणि उजव्या कुशीत आतून कुणीतरी खेचल्यासारखं झालं. चमक नव्हे, कळही नव्हे. आत कुठेतरी टाचून ठेवलेलं कापड ओढावं तसं. तिने हात खाली घेतला, थोडा वेळ थांबली. गेलं. मग ते अधूनमधून यायला लागलं. कधी पोटभर जेवल्यावर, कधी कूस बदलताना, कधी संडासला बसल्यावर. मग रोजच.

नाक्यावरच्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याने विचारलं, "घरी टेन्शन वगैरे?" सोनोग्राफी केली, नॉर्मल. वर्षभराने पुन्हा केली, पुन्हा नॉर्मल. संघमित्रा मॅडम तेव्हा पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी गेल्या होत्या. त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरने रिपोर्ट वाचला, टाके बघितले आणि म्हणाला, "सगळं छान आहे की. वजन उचलू नका, पाणी भरपूर प्या." असले पापुद्रे सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत, हे कुणी बोललं नाही आणि दर्शनाला विचारायचं सुचलं नाही. 'चिकटतं' हा शब्द टॅक्सीतल्या त्या हसण्यात कधीच विरून गेला होता.

त्या नॉर्मल रिपोर्टने घरात फार वाईट केलं. आजार असता तर औषध तरी असतं. आता दुखतंय म्हणायचं तर समोरच्याच्या तोंडी तेच, नॉर्मल. मालन म्हणायची, "बाईमाणसाच्या पोटात दुखता ता काय नवा आसा? सगळ्यांच्याच दुखता. उठान कामाक लाग, जाईत." निलेश सुरुवातीला पाय चेपायचा, पाणी गरम करून द्यायचा. पण जवळ आला की ती अंग चोरायची. आतपर्यंत सुरी फिरल्यासारखं व्हायचं तिला. दात दाबून सोसायची, आणि ते त्याला कळायचं.

"मीच नको झालोय का तुला?" एकदा त्याने विचारलं.

"दुखतं रे."

"रिपोर्ट नॉर्मल आहे ना?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर दोघांमध्ये एक सवय लागून गेली. तो विचारायचा नाही, ती सांगायची नाही.

आणि दिवस राहत नव्हते. नवसाच्या देवांची नावं सगळ्यांनी सांगून झाली. लग्नकार्यात कुणी ओटी भरताना हात आखडता घेतला की दर्शना स्वतःच पुढून उठून मागे जाऊन बसायची.

खेळ सुटला तो दादरच्या एका सामन्यात. शेवटची मिनिटं, एका गुणाने मागे. तिने चढाई घेतली, बोनस रेषेकडे उजवा पाय लांबवला आणि पोटाच्या आत काहीतरी असं ताणलं गेलं की श्वासच कापला गेला. कबड्डी, कबड्डी म्हणणारं तोंड उघडंच राहिलं आणि आवाज आला नाही. पंचाने शिट्टी मारली. दम तुटला म्हणून बाद. दर्शना बाद झाली होती पूर्वीही, पण दम तुटून कधीच नाही. समोरच्या पोरी नाचत होत्या. ती मॅटवर गुडघे टेकून, पोटाशी हात धरून बसली होती. पुढच्या आठवड्यात अप्पांनी स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली. "लहान पोरींना तू बघ. माझा आता घसा चालत नाही," म्हणाले. घसा चांगला खणखणीत होता त्यांचा.

पोरींमध्ये ती रमली. कचेरी सुटली की मैदान. पोरी तिला ताई म्हणायच्या, घाबरायच्याही. कुणाला गुडघ्याला खरचटलं तर ती आधी नीट बघायची, मगच खेळ म्हणायची.

मग, सगळ्यांनी विचारणं सोडून दिल्यावर, पाळी चुकली. तिने दोनदा तपासून घेतलं आणि निलेशला फोन केला तेव्हा तो कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. आवाज तुटत होता. "काय? मोठ्याने बोल!" शेवटी ती कचेरीच्या जिन्यात उभी राहून ओरडली, "अरे, तू बाप होणारेस!" खालच्या मजल्यावरचा शिपाई टाळ्या वाजवायला लागला.

मालनने त्या संध्याकाळी देवापुढे नारळ ठेवला, पदर खोचला आणि हात जोडून गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराच्या ओटीत जा घातलंस, ता सांभाळ रे म्हाराजा." दर्शना आणि निलेश मागे उभे राहून "होय म्हाराजा" म्हणत होते. त्या आठवड्यात त्या घरात सगळे एकमेकांशी हळू आवाजात, गोड बोलत होते.

आठवडाच मिळाला. मैदानात पोरींना पकडीचा सराव देत असताना दर्शनाच्या पोटात उजवीकडे काहीतरी फुटलं. मग खांद्यात विचित्र दुखायला लागलं. घाम सुटला. "ताई, तुमचे ओठ पांढरे झालेत," असं एक पोरगी म्हणाली तेवढं तिला आठवतं. पोरींनीच तिला उचलून टॅक्सीत घातलं.

गर्भ पिशवीपर्यंत पोहोचलाच नव्हता. नळीत अडकला, तिथेच वाढला आणि नळी फुटली. पोट रक्ताने भरलं होतं. तिचा जीव वाचला तो हॉस्पिटल जवळ होतं म्हणून. योगायोग असा की संघमित्रा मॅडम परत आल्या होत्या आणि पोट उघडलं ते त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी त्या खाटेशी खुर्ची ओढून बसल्या. निलेश पायथ्याशी उभा होता.

"उजवी नळी काढावी लागली," त्या म्हणाल्या. "दर्शना, आत खूप चिकटलेलं होतं. पिशवीच्या मागे आतडं चिकटलंय. उजवी नळी त्यात दुमडून गेली होती, म्हणून गर्भ पुढे सरकला नाही. डावा अंडाशयही आतड्याखाली दडलाय. पोटाच्या पुढच्या भिंतीला एक जाड पट्टा होता, तो मी सोडवला. मागच्या ऑपरेशनचे व्रण आहेत हे."

दर्शना छताकडे बघत म्हणाली, "मग ते दुखत होतं, ते..."

"दुखणारच. वाकलीस, ताणलीस, जेवलीस की तो पट्टा ओढत असणार. इतकी वर्षं तू चालत-फिरत होतीस याचंच मला आश्चर्य वाटतंय."

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," दर्शना म्हणाली.

ती हे डॉक्टरांना म्हणाली नव्हती. निलेशने मान खाली घातली. लोखंडी खाटेचा पायथा त्याने दोन्ही हातांनी धरला होता. मूल गेल्याचं तिला रडू आलं ते नंतर, बरंच नंतर. त्या क्षणी तिला जे वाटलं त्याची तिलाच लाज वाटली, कारण ते सुटकेसारखं होतं.

"मॅडम, तुमची काही चूक झाली होती का? तेव्हा?" निलेशने विचारलं. रागाने नाही. त्याला कुठेतरी हात टेकायला जागा हवी होती.

"मी ते स्वतःला पुष्कळदा विचारलं कालपासून," संघमित्रा म्हणाल्या. "जे करायला हवं ते सगळं केलं होतं. तरी काहींच्या अंगात जखम अशी भरते. पण पोट दुखतंय म्हणून ती परत परत आली तेव्हा कुणीतरी हे नाव घ्यायला हवं होतं. तेवढं मात्र झालं नाही."

दुपारी मालन पेजेचा डबा घेऊन आली. चमच्याने भरवत होती आणि तोंडाने अखंड काहीतरी पुटपुटत होती. दर्शनाला वाटलं, देवाला बोल लावतायत. पण ते देवाबद्दल नव्हतं. निलेश चहा प्यायला खाली गेल्यावर मालन एकदम थांबली आणि म्हणाली, "माझी पिशवी काढली तेव्हा ह्यो चौथीत होतो."

"ठाऊक आहे, आई."

"पुढचा ठाऊक नाय तुका. तेव्हापासून माझ्या पोटात असाच ओढता. जेवलंय की ओढता, वाकलंय की ओढता. डॉक्टराक सांगितलंय. तो म्हणालो, बाई, ता तुझ्या मनातला आसा, नवरो नाय म्हणान तुका असा होता." मालनचा चमचा डब्यातच राहिला. "इतकी लाज वाटली गो माका. मग मी कोणाक सांगूकच नाय. तू सांगायचंस तेव्हा माझाच आठवायचा. म्हणान मी तुका गप करी होतंय."

दर्शनाला आठवलं, मालन रात्री नेहमी अर्धीच भाकरी खायची. कधी मांडी घालून जेवायला बसायची नाही, स्टुलावर बसायची. सगळे म्हणायचे, गुडघे दुखत असतील. तिने हात पुढे केला. मालनने तो धरला नाही, पदराने पुसून पुन्हा अंथरुणावर ठेवला आणि म्हणाली, "पेज थंड होता."

घरी आल्यावर मात्र दोघी एकमेकींना धरून राहिल्या. दर्शनाची रजा होती तोवर दुपारच्या वेळी घरात दोघीच असायच्या. रबरी पिशवीत गरम पाणी भरून आळीपाळीने पोटावर घ्यायच्या, आधी सून, मग सासू. एकदा ती पिशवी हातात घेऊन मालन म्हणाली, "आता ह्या घरात धड पिशवी म्हणजे हीच एक." दर्शना इतकी हसली की टाके दुखले, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. मालनने रडू दिलं. पाठीवरून हात फिरवत राहिली, गप्प म्हणाली नाही.

संघमित्रा मॅडमनी घरी पाठवताना बजावलं होतं. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, खालून वारासुद्धा सरेनासा झाला, तर घरी थांबायचं नाही, आतडं अडकलेलं असू शकतं. दर्शनाने ते मालनला सांगितलं होतं. मालनच मग रोज तिला विचारायची, "आज पोट कसा आसा?" तो धोका सुनेचा, असंच दोघींनी धरलं होतं. मालनच्या ऑपरेशनला तीस वर्षं होत आली होती. इतक्या जुन्या जखमेचं कोण काय मनात आणणार? दर्शनाने दोनदा म्हटलं, "आई, तुम्हीही एकदा मॅडमना दाखवा." मालन म्हणाली, "बघूया पावसानंतर."

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात दर्शनाच्या पोरी पहिल्यांदा दादरच्या मोठ्या स्पर्धेत उतरल्या. उपांत्य सामन्याच्या सकाळी मालन उठून चहा करायला आली नाही. दर्शना बघायला गेली तर अंथरुणावर कुशीवर वळून पडलेली.

"काय होतंय, आई?"

"काय्येक नाय. काल फणस खाल्लंय तो बाधलो. तू जा गो, पोरी वाट बघतत."

"पोट दाखवा बघू."

"माझ्या पोटात काय बघतंस? जा म्हणतंय ना. ओवा खाल्लंय."

दर्शना दारात घुटमळली. निलेश कामावर निघाला होता. म्हणाला, "मी शेजारच्या जाईबाईला सांगून जातो, त्या बघतील." दर्शना गेली. पोरी जिंकल्या. संध्याकाळी धावत घरी आली तर मालन झोपलेली, तोंडावर पदर. जाईबाई म्हणाली, दुपारी एकदा ओकल्या, आता बरं म्हणतायत. दर्शनाने हाक मारली तर पदराआडून उत्तर आलं, "जिंकलंस? बरा झाला. उद्या पण जा." आवाज थकलेला होता, पण आवाज होता.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना पोरी हरल्या. दर्शना घरी आली तेव्हा मोरीत फिनेलचा वास होता. मालनने उलट्या करून स्वतःच मोरी धुतली होती. आता मात्र ती पाठीवर पडली होती आणि लुगड्याखाली पोट माठासारखं टणक, तट्ट फुगलेलं. दर्शनाने हात लावला आणि तिला कळलं. तिने पायात चपलाही घातल्या नाहीत. जिन्यावरून चाळीतल्या पोरांना हाका मारत खाली पळाली.

जुन्या व्रणाचा एक दोरा. त्यात आतड्याचं वेटोळं अडकलं होतं आणि पीळ बसून काळं पडलं होतं. सर्जनने तेवढा भाग कापून काढला. बाहेर येऊन त्याने निलेशला सांगितलं की उशीर झालाय, विष अंगभर भिनायला लागलंय. निलेश म्हणाला, "पण ती काही बोलली नाही हो."

मालनला शुद्ध आली ती थोडा वेळच. नाकात नळी, हाताला सलाईन. दर्शना वाकून उभी राहिली.

"कोण जिंकला?" मालनने विचारलं.

"हरलो, आई. तीन गुणांनी."

"होऊंदे," मालन म्हणाली. थोडं थांबून, "तू नाय खेळलंस म्हणान हरली ती."

"आई, सांगायचं तरी. का नाही सांगितलंत?"

मालनने डोळे मिटले. दर्शनाला वाटलं, झोपल्या. पण मग ओठ हलले. "सवय नाय गो," ती म्हणाली.

त्यानंतर ती बोलली नाही. दोन दिवसांनी गेली.

बाराव्याला चाळ जमली. बायका म्हणाल्या, नशीबवान बाई, कुणाला त्रास दिला नाही, हूं की चूं केलं नाही. दर्शना पंगतीत वाढत होती. भाताचं पातेलं तिने खाली ठेवलं आणि सरळ उभी राहून म्हणाली, "हूं की चूं केलं नाही म्हणूनच गेल्या त्या." सगळ्या चपापल्या. निलेशने तिच्या हातातून डाव घेतला आणि तो वाढू लागला.

पावसाळा सरला. एका दुपारी दोघं पुन्हा संघमित्रा मॅडमपुढे बसले. दर्शनाचं वय छत्तीस. मॅडमनी सगळं पुन्हा समजावलं. डावी नळी शिल्लक आहे, पण गुरफटलेली. दुर्बिणीतून ऑपरेशन करून सोडवता येईल. टेस्ट ट्यूब करायचं म्हटलं तरी अंडाशय आधी मोकळा करावा लागेल, नाहीतर तिथपर्यंत पोहोचणं अवघड. यश येईल, नाहीही येणार.

"आणि सोडवलेलं परत चिकटलं तर?" दर्शनाने विचारलं.

"चिकटू शकतं. प्रत्येक ऑपरेशनची नवी जखम, आणि जखम भरायची तर हा धोका आलाच. कमी चिकटेल असं बघता येतं. शून्य करता येत नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"ते मला खरंच माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "मूल हवं असणं किती खोल असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. घाई नाही. आणि नाही म्हणालात तरी दुखण्यासाठी येत जा. त्यावर पुष्कळ करता येतं, आणि ते आपण करू."

दर्शनाने निलेशकडे पाहिलं. तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. तिला पोरी आठवल्या नाहीत, देव आठवला नाही. मालनचं माठासारखं पोट आठवलं, हाताला लागलेलं.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "आता पोट नको उघडायला."

बाहेर येऊन दोघं हॉस्पिटलच्या आवारातल्या कट्ट्यावर बसले. आजूबाजूला गावाहून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक चादरी टाकून जेवत होते. निलेशने समोरून दोन चहा आणले. एक तिच्या हातात दिला, दुसरा तसाच धरून बसला.

"तुला चालेल ना?" तिने विचारलं. "तू नेहमी म्हणतोस, नसलं तरी चालेल, आपण दोघं आहोत ना. खरं सांग."

चहावर साय धरली.

"मला पाहिजे होतं गं," तो म्हणाला. "खूप पाहिजे होतं. लिफ्टमध्ये काम करताना कुणी बाप पोराला कडेवर घेऊन आला ना, मी मुद्दाम पाना शोधत बसायचो, वर बघायचो नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही कधी."

एवढा मोठा गडी, भर दुपारी, माणसांच्या गर्दीत रडायला लागला. शेजारची म्हातारी जेवता जेवता थांबली, बघून पुन्हा जेवायला लागली. त्या आवारात रडणारी माणसं रोजची होती. दर्शनाने त्याच्या हातातला कप काढून खाली ठेवला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, हे दुःख आपलं एकटीचं आहे, आपल्या पोटातलं, दुसऱ्याला न दिसणारं. आता त्याला असं मोकळं रडताना पाहून तिला त्याच्याबद्दल माया दाटून आली, तितकीच स्वतःबद्दलही.

"बोलायचं होतंस रे," ती म्हणाली.

"आता बोलतोय ना."

ती त्याच्याजवळ सरकली. सरकताना डावीकडे आत ओढलं. तिने ओठ आवळला आणि मग सोडला.

"दुखतंय," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने त्याचा हात धरून जागा दाखवली. तो हात तिथेच ठेवून तो बसून राहिला.